बर्फाच्या पेटीतली लिपस्टिक

परवा पार्लरमध्ये कॉलेजातली एक मुलगी आली. केस कापून झाले, पैसे देऊन झाले, तरी खुर्चीवरून उठायचं नाव घेईना. मग हळूच म्हणाली, "काकू, मला मेकअपचं सामान जमवायला सुरुवात करायचीय. आधी काय काय घेऊ?" आणि मोबाइलवरची यादी माझ्यापुढे धरली. मी चष्मा सारखा करून वाचायला लागले, तर यादी खाली सरकतेय ती सरकतेच आहे. नाकाला वेगळं, गालाला वेगळं, गालाच्या हाडाला आणखी वेगळं! मी म्हटलं, "बाय माझे, तोंड एकच आहे ना तुला?" ती खुदकन हसली. तिला मी चार गोष्टी सांगितल्या. रोज लागणारं आधी घे, सणासुदीचं मग. एक डबी संपल्याशिवाय तिची बहीण घरात आणू नकोस. रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नकोस, बाहेर उन्हात ये. आणि नाकाने बघ. शेवटचं ऐकून ती जरा गोंधळली. या चार गोष्टी मला कोणी आणि कशा शिकवल्या ते सांगायला घेतलं असतं, तर तिची गावाकडची बस चुकली असती. म्हणून तिला जाऊ दिलं आणि वही काढून बसले.

शिकवलं माझ्या आईने. आता गंमत बघा, या बाईने जन्मात कधी तोंडाला पावडर लावली नाही. कपाळाला कुंकू, डोक्यात अबोली, संपलं. ती बाजारात मासळी विकायची. आमचं घर खाडीच्या तोंडाशी, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. वडील ट्रॉलरवर तांडेल, खलाशांचे म्होरके, आठ-आठ दिवस पाण्यावर. पहाट झाली की धक्क्यावर परतलेल्या होड्यांच्या इंजिनांची फटफट ऐकू यायची आणि त्यातच शेजारीपाजारी लाकडी दांड्याने बर्फ फोडायचा धपधप आवाज. तो आवाज आला की मी गोधडी डोक्यावर ओढून घ्यायचे. आई तेव्हा लिलावाला निघालेली असायची. परत आली की चूल पेटवून काळा चहा करायची, तव्यावर तांदळाची भाकरी टाकायची, आणि कालचं बांगड्याचं तिखलं गरम करून आम्ही दोघी मागच्या दारात बसून खायचो. शिळ्या तिखल्याची चव ताज्याला येत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. मला मोठमोठ्या हॉटेलांत जेवायला नेणाऱ्या माझ्या सुनेला ते पटत नाही. न पटू दे.

पण तेव्हा मला त्या सगळ्याची लाज वाटायची. लिहायला जड जातं, पण खरं आहे ते खरं. शिवणक्लासला जाताना मी हात लिंबाच्या सालीने घासून घासून लाल करायचे. बाजारातून जायची वेळ आली तर आईच्या रांगेच्या मागल्या गल्लीने जायचे. आई मला लांबून बघायची आणि हाक मारायची नाही. तिला कळत होतं की नव्हतं, हा प्रश्न मी त्या वयात स्वतःला कधी विचारलासुद्धा नाही. माझं सगळं लक्ष होतं बाजारपेठेतल्या एका पार्लरकडे. तिथे मी सहा महिने केर काढला, टॉवेल धुतले आणि त्या बदल्यात भुवया कोरायला आणि नवरी सजवायला शिकले. तिथल्या बाई म्हणायच्या, "शुभा, तुझा हात हलका आहे." एवढ्या एका वाक्यावर मी हवेत चालायचे.

शिकणं संपलं तेव्हा आईने मला समोर बसवलं. मासळी साफ करताना कोयता खाली ठेवून ती बोलायला लागली की समजायचं, विषय गंभीर आहे. "हे बघ शुभे, तुझा बापूस आता किती वर्षं पाण्यावर जाईल सांगता येत नाय. मला दोन हातांची गरज हाय. यंदाच्या लग्नसराईत एक तरी नवरी सजवून दाखव. लोकांनी आपणहून दुसऱ्या नवरीसाठी तुला बोलावलं पाहिजे. नायतर पावसाळा संपला की माझ्या बाजूला पाट टाकून बसायचं. मग रडायचं नाय." मी लगेच हो म्हटलं. एक नवरी म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटत होतं!

सामान मात्र नव्हतं. मुंबईची माझी चुलत बहीण दिवाळीला आली होती, तिने एका कागदावर यादी करून दिली आणि मी तो कागद घेऊन एकटीच बाजारात गेले. पिशवीभर घेऊन आले. क्रीम घेतलं ते दुकानातलं सगळ्यात गोरं. लिपस्टिका तीन, तिन्ही एकाच गुलाबीच्या, हे मला घरी आल्यावर कळलं. निळी पावडर घेतली, कशासाठी ते आजही माहीत नाही. संध्याकाळी जमेल तेवढं तोंडाला फासून मी आरशासमोर उभी राहिले. वडील नेमके तेव्हाच धक्क्यावरून आले. दारातच थबकले आणि आईला विचारलं, "हिला काय झालं? ताप आला की काय?" आई हसून हसून खाली बसली. "ताप कसला, रव्यात घोळवलीय. तेलात सोडायची तेवढी बाकी हाय." मी रुसून जेवले नाही. अर्धा तास जेवले नाही, मग शिंपल्यातल्या तिसऱ्यांच्या आमटीचा वास आला आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी मासळी लवकर संपली तशी आई म्हणाली, "चल, दाखव तुझं दुकान." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मासळीवाली आई घेऊन त्या काचेच्या दुकानात! आई सरळ आत शिरली, न उघडलेल्या डब्या बदलून मागितल्या आणि गोऱ्या क्रीमची दुसरी बाटली उघडून आपल्या मनगटावर एक रेघ ओढली. दुकानदार म्हणाला, "मावशी, ते हाताला नाही, तोंडाला लावायचं असतं." आई म्हणाली, "तोंड मी घरी धुते रे बाबा, तू बाहेर ये." आणि खरंच त्याला उन्हात रस्त्यावर घेऊन गेली. "बघ. दिसतंय? आता ही माझी पोर. तिच्या गळ्याशी लाव. गळा सावळा नि तोंड पांढरं, असली नवरी कुठल्या गावात बघितलीस?" चौथी बाटली गळ्याशी लावली तेव्हा रेघ दिसेनाशी झाली. "ही. एकच. आणि गोऱ्यापान नि काळ्या नवरीमुलींसाठी एक उजळ नि एक काळसर, त्या पुढच्या महिन्यात. दोन मिसळून मधली होते, मधल्या चार विकत कशाला घ्यायच्या?" प्रत्येक झाकण उघडून तिने वास घेतला. एका लिपस्टिकला खवट तेलाचा वास होता. आईने ती नुसती त्याच्यापुढे धरली. त्याने गुपचूप मागे ठेवली. मासा घेताना ती कल्ला उघडून बघायची, वरच्या थरावर न जाता टोपलीच्या तळाला हात घालायची, तेच इथे चाललेलं होतं. लाजेने माझी मान खाली होती. तरी कान उघडे राहिले, हे माझं नशीब.

मग महिन्याला एक-एक वस्तू येत गेली. प्रत्येक वस्तू आधी माझ्या तोंडावर एक पूर्ण दिवस काढायची. आई सांगायची, "लावून विहिरीवर जा, पाणी भर, घाम येऊ दे. नवरी काय पंख्याखाली बसून लग्न करणार हाय?" आमच्या दमट हवेत कुठली पावडर गळ्यात ओघळते आणि कुठलं काजळ गालावर उतरतं, हे मला असं पाणी भरता भरता कळलं. पुस्तकात ते कुठे लिहिलेलं नव्हतं. हल्ली माझी नात मोबाइलवर बघून एका दमात टोपलीभर मागवते आणि सहा महिन्यांनी वाळलेल्या डब्या मला आणून दाखवते. तिला मी ओरडत नाही. माझी ती निळी पावडर मला आठवते.

पहिली नवरी मिळाली ती मैत्रिणीमुळे. सुनंदा माझ्याबरोबर शिवणक्लासला होती. हातखंबा फाट्यापासून आत दोन मैलांवर तिचं गाव, घरची भातशेती आणि आंब्याची थोडी कलमं. लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मला शुभाच सजवणार." घरच्यांनी मान डोलावली. लग्न भर मे महिन्यात. आणि इथे माझी फजिती सुरू झाली. आमच्या पत्र्याच्या घरात दुपारी भट्टी पेटायची. लग्नाच्या दोन दिवस आधी मेकअपची पेटी उघडून बघते तर लिपस्टिका वाकून पडलेल्या, क्रीमवर तेल सुटलेलं. मी रडकुंडीला आले. फ्रिज आमच्या आळीत एकाकडेही नव्हता. पण आमच्याकडे थंड ठेवायची एक वस्तू होती, प्रत्येक घरात होती, आणि आम्हाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. आईची थर्माकोलची मासळीची पेटी! आईने ती राखेने घासली, चिंचेने घासली, दिवसभर उन्हात टाकली. नाक घालून बघितलं, मीही बघितलं. काही वास नव्हता. तळाला पिशवीत बांधून बर्फाचे तुकडे, वर फडकं, त्यावर माझं सगळं सामान. दोन रात्री ते तिथे सुखाने राहिलं. मासळीच्या घरात जन्मलेल्या दोन नाकांनी तो निकाल दिला होता, हे आमच्या लक्षात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी पेटी उचलायला आई माझ्याबरोबर आली. तिने शिकेकाईने न्हाऊन घेतलं होतं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. सुनंदाच्या घरी मांडवात गडबड, चुलाण्यावर फणसाच्या भाजीचं पातेलं, घरात देवक बसलेलं. देवक बसलं की त्या घरात मासळीचं नाव नाही, हे कोणाला सांगावं लागत नाही. आतल्या खोलीत मी सुनंदाला खिडकीपाशी बसवलं. आई दाराजवळ बसून अबोलीची फुलं गुंफून वळेसर करत होती. मी स्पंज ओला केला, क्रीम घेतलं, कपाळ झालं, एक गाल झाला, नाकाकडे वळले. सुनंदाच्या अंगाच्या उबेने ते क्रीम सैल झालं आणि खोलीत काहीतरी पसरलं.

सुनंदाची मुंबईची आत्या दागिन्यांचा डबा घेऊन आत आली आणि जागीच थांबली. "शी! कसला वास हा? देवक बसलंय घरात आणि मासळी कोणी आणली?" तिने खोलीभर नजर फिरवली आणि ती नजर आईवर जाऊन थांबली. आई काय करते हे तिला सुनंदाच्या आईकडून कळलंच असणार. "बाई, तुम्ही जरा बाहेर मांडवात बसा हो. राग मानू नका, पण आजचा दिवस आहे."

मला त्याच क्षणी कळलं होतं. स्पंज माझ्या हातात होता, वास माझ्या बोटांना येत होता. "आत्या, वास माझ्या सामानाला आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. सुनंदा गेली असती, दुसरी नवरी गेली असती, आणि माझ्यापुढे तो पाट आणि ती टोपली दिसायला लागली. मी गप्प बसले. आईने माझ्याकडे बघितलं. वळेसर अर्धाच झाला होता, तो दोऱ्यासकट तिने खिडकीत ठेवला, "बसते हो बाहेर," म्हणाली आणि उठून गेली. खिडकीतून मला दिसलं, ती मांडवातसुद्धा बसली नाही. गोठ्याच्या पलीकडे, भर उन्हात, एका दगडावर जाऊन बसली. आजही ते हिरवं लुगडं त्या दगडावर मला दिसतं आणि मला माझा राग येतो.

मी तशीच स्पंज घेऊन दुसऱ्या गालाकडे गेले. लाज नाही वाटली मला! सुनंदाने माझं मनगट धरलं. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. आत्या कपाटाशी वळली होती. सुनंदा अगदी हळू म्हणाली, "शुभा, वास स्पंजाला येतोय. आईला आत बोलव." ओरडली असती तर मी कदाचित खोटं बोलले असते. ती ओरडली नाही. तिचं लग्न होतं, तोंडावर तिच्या तो वास होता, आणि तिला माझ्या आईची काळजी पडली होती. मी वळले आणि म्हटलं, "आत्या, वास आईचा नाही. माझ्या सामानाचा आहे. मी ते मासळीच्या पेटीत ठेवलं होतं, वितळू नये म्हणून. आईला काही बोलू नका." आणि उत्तर ऐकायला न थांबता पळत गोठ्यापाशी गेले.

आईपुढे रडत उभी राहिले. आईने पदराने माझं नाक पुसलं, मी चार वर्षांची असल्यासारखं. "मुहूर्ताला किती वेळ हाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, सव्वा तास. "मग रडतेस काय? रड बसमध्ये. तोंड धू तिचं."

आत आत्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता, तो चालायलाच हवा होता. आईने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने बेसन मागितलं, दूध मागितलं, हळद मागितली. सुनंदाचं तोंड आम्ही दोनदा धुतलं. मग आईने पेटी बाहेर नेऊन ठेवली आणि विचारलं, "पेटीत नव्हतं असं काय हाय तुझ्याजवळ?" मी माझी स्वतःची पर्स उपडी केली. काजळाची पितळी डबी होती. भुवयांची पेन्सिल होती. आणि एक लिपस्टिक, मी रोज वापरायची ती, विटकरी रंगाची, अर्धी झालेली. पावडर सुनंदाच्या घरचीच, साधी. "झालं तर," आई म्हणाली, "चार वस्तू झाल्या. घाई करू नको, तुझा हात हलका हाय." पार्लरच्या बाईंचं वाक्य मी घरी कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. तिने ते स्वतःच बघितलेलं होतं.

त्या चार वस्तूंवर मी जसं काम केलं तसं पुढे भरलेल्या कपाटानेही कधी झालं नाही. पावडर ओल्या फडक्याने दाबून बसवली. लिपस्टिक आधी माझ्या बोटावर घेतली, बोट चोळून ऊब आणली आणि गालावर नुसती सावली टाकली, मग पापणीवर तीच, अगदी पुसट, आणि शेवटी ओठावर. काजळ कोरलं. कुंकू देवघरातलं. आईने वळेसर पुरा केला आणि स्वतःच्या हाताने सुनंदाच्या अंबाड्यात माळला. सुनंदाची आई आत आली, लेकीकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "अगं, ही आमची सुनंदाच दिसतेय," ती म्हणाली. मला वाटलं तक्रार करतेय. नंतर कळलं, थोरल्या लेकीच्या लग्नात शहरातून बाई आणली होती आणि फोटोत ती लेक ओळखूच येत नव्हती. निघताना त्या माउलीने माझ्या आईला पाटावर बसवून ओटी भरली. आत्या बाजूला उभ्या होत्या. नारळ त्यांनीच आणून दिला आणि मला हळूच विचारलं, दिवाळीनंतर त्यांच्या पुतणीचं आहे, येशील का. म्हणजे दुसरी नवरी. माझ्या डोक्यात ते शिरायलासुद्धा वेळ लागला.

मी कितीतरी माणसांचे उपकार घेऊन इथवर आले. पार्लरच्या बाईंचे, त्या उन्हात उभ्या केलेल्या दुकानदाराचेसुद्धा. सुनंदाचे तर किती! आजही ती गौरीला मला बोलावते आणि पानात सगळ्यात आधी मला वाढते. ती ओरडली नाही, या एका गोष्टीवर माझं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी तिला सांगितलंय. ती म्हणते, मला काही आठवत नाही. खोटं बोलते.

हातखंब्याला आम्हाला रत्नागिरीची एसटी मिळाली. गच्च भरलेली. कशीबशी एक जागा मिळाली ती आईला दिली, पेटी तिच्या मांडीवर, मी दांड्याला धरून उभी. तिकिटं काढून झाल्यावर मी विचारलं, "तू उठून का गेलीस? वास तुझा नव्हता, तुला कळलं असणार."

"कळलं तर. दोनदा न्हाऊन आलेली मी. पेटीशिवाय कुठून येणार?"

"मग बोलली का नाहीस?"

आई खिडकीबाहेर बघत होती. "मी बोलले असते तर तुझी नवरी गेली असती. मला काय, बाहेर बसले काय नि आत बसले काय. रोज बाहेरच बसते ना मी?" हे तिने इतकं सरळ सांगितलं की त्यात टोमणा शोधायलासुद्धा जागा नव्हती.

ऊन तापलेलं, पेटीतलं उरलंसुरलं पाणी हिंदकळत होतं. पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला, मागे वळून बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "काय बाई, कोणी मासे आणलेत का गाडीत?" दोन-चार माना वळल्या. कंडक्टरही बघायला लागला. आईने डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे.

"आमचा वास आहे," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला होता, शेवटच्या सीटपर्यंत गेला असेल. "ही माझी आई. आम्ही मासळीवाले. पेटी आमचीच आहे."

आईने एक डोळा उघडला.

"हळू बोल गो," ती म्हणाली, "तिच्याकडे लग्नाची पोर असेल."